"बोर्ड गेलाय, पूर्ण बदलावा लागेल": नाशिकमध्ये वस्तू दुरुस्त करून मिळणं बंद झालंय का?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी.

घरचं वॉशिंग मशीन बंद पडलं. ड्रम ठीक, मोटर ठीक, पाण्याचा व्हॉल्व्ह ठीक. कंपनीचा माणूस आला, मागचं झाकण काढलं, मीटर लावला आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय, पूर्ण बदलावा लागेल." बोर्ड (मशीन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) आणि व्हिजिट चार्ज मिळून त्याने सांगितलेला आकडा नव्या मशीनच्या निम्म्याला टेकत होता. वर त्या नव्या बोर्डाला वॉरंटी तीनच महिने. बोर्डावरचं नेमकं काय गेलं असं विचारलं, तर ते उघडून बघायची त्याला परवानगीच नाही.

माझा राग एका मशीनपुरता नाही. पंख्याचंच बघा. साधा पंखा हळू फिरायला लागला की अडीच एमएफडीचा कपॅसिटर आणायचा. रविवार कारंजावर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आजही शंभराच्या आत. अर्ध्या तासात पंखा पहिल्यासारखा. आता घरोघरी बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचे, पंखे आलेत. वीज खरंच कमी खातात, 75 वॉटच्या जागी 30 च्या आसपास, त्याबद्दल वाद नाही. पण तो बंद पडला की आतला छोटा बोर्ड त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा लागतो. मॉडेल बंद झालं असेल तर पाती, बेअरिंग, वायंडिंग सगळं शाबूत असलेला पंखा भंगारात.

वस्तू विकतानाच तिचे सुटे भाग किती वर्षं मिळतील हे लिहून देणं कंपन्यांवर बंधनकारक असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आणि आपणही दुकानात डिस्काउंट विचारायच्या आधी हे विचारलं पाहिजे. तुम्ही विचारता का? शिवाय बोर्ड उघडून दुरुस्त करणारे कारागीर शहरात उरलेत का, तेही सांगा.

सातपूर_जनरल_शिफ्ट

दादा, मी एमआयडीसीत बोर्ड असेंब्लीच्या लाइनवर काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

वॉशिंग मशीनचा बोर्ड उघडलात तर तो पारदर्शक किंवा दुधाळ रबरासारख्या थरात बुडवलेला दिसेल. त्याला आम्ही पॉटिंग म्हणतो. तो थर तुम्हाला अडवायला घातलेला नाही. मशीन बाथरूममध्ये किंवा मागच्या गॅलरीत असतं, नाशिकचा पावसाळा चार महिने, वाफ बसते, झुरळं शिरतात, पाल शिरते. उघड्या बोर्डावर 230 व्होल्टच्या दोन ट्रॅकमध्ये झुरळ आलं की संपलं. पॉटिंगमुळे बोर्ड जास्त टिकतो, हे मी रोज बघतो. पण एखादा दहा रुपयांचा भाग गेला तर तो थर खरवडून तिथवर पोचायला वेळ लागतो, हेही तितकंच खरं.

मला खटकतं ते वेगळंच आहे. बोर्डावर जे भाग लोडशेडिंगनंतरच्या झटक्याने हमखास जातात, म्हणजे फ्यूज, एमओव्ही, रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), ते थराच्या बाहेर सॉकेटवर ठेवता येतात. काही डिझाइनमध्ये ठेवलेलेही असतात. खर्च फार वाढत नाही. सगळ्याच कंपन्या तसं का करत नाहीत, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

सिडको_त्रिमूर्ती

एमओव्ही म्हणजे?

सातपूर_जनरल_शिफ्ट

बहुतेक वेळा निळ्या रंगाची, गोल चपटी चकती असते. व्होल्टेज एकदम वाढलं की ती स्वतः शॉर्ट होते, त्यामुळे फ्यूज उडतो आणि पुढचा बोर्ड वाचतो. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि मशीन "मेलं" तर कित्येकदा एवढंच झालेलं असतं. ती चकती काळी पडलेली किंवा फुटलेली दिसते. चकती आणि फ्यूज बदलला की बोर्ड जिवंत.

कॉलेजरोड_फ्लॅट

मी थोडी विरोधात बोलणार आहे, राग मानू नका.

माझी नोकरी अंबडला, नवऱ्याची नोटप्रेसला शिफ्ट ड्यूटी. मशीन बिघडलं की कारागीर शोधा, तो "उद्या येतो" म्हणतो, आपण सुट्टी टाकून बसायचं, तो येत नाही, आला तर बोर्ड घेऊन जातो, मग आठवडाभर कपडे हाताने धुवायचे. ते कोण धुतं हे सांगायला नको. अशा वेळी "नवीन घ्या" हा सल्ला मला अपमान वाटत नाही, सुटका वाटते. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून मोठे टीव्ही आणि एसी यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जुना एसी दोनदा गॅस भरून चालवण्यापेक्षा नवा इन्व्हर्टर एसी घेतला, बिल उतरलं. दुरुस्तीची बाजू मांडताना घरातल्या बाईच्या वेळेचा हिशोबही मांडा.

मखमलाबादकर

ताई, राग कसला. तुमचा मुद्दा रास्त आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. दुरुस्ती वेळेवर, घरपोच आणि लेखी अंदाजपत्रकासह मिळाली असती तर तुम्ही नवीन घेतलं असतं का? कंपनीचं अधिकृत केंद्र बोर्ड दुरुस्त करत नाही, बाहेरच्या कारागिराला सर्किटचा नकाशा आणि भाग देत नाही. मग तो अंदाजाने काम करतो, म्हणून उशीर होतो. तुमचा वेळ तिथे जातो.

पंख्याचा हिशोबही मी केला. दिवसाला बारा तास चालला तर बीएलडीसी साधारण अर्धा युनिट वाचवतो. ही बचत खरी आहे. पण बोर्ड मिळत नाही म्हणून पंखाच फेकायची वेळ आली, तर ती सगळी बचत नव्या पंख्याच्या किमतीत जाते.

सोल्डर_मास्तर

विषय आमच्या धंद्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. एम.जी. रोडच्या बाजूला दुकान आहे, आधी रेडिओ-टेप, मग सीआरटी टीव्ही, आता एलईडी टीव्ही आणि मोबाईल.

कारागीर उरलेत. कमी झालेत, पण उरलेत. अडचण हाताची नाही, मालाची आहे.

एलईडी टीव्हीचं सांगतो, कारण त्यात लोक सर्वांत जास्त फसतात. आवाज येतोय, चित्र नाही, स्क्रीन काळी. केंद्रावरून सांगतात पॅनेल गेलं, आणि पॅनेल म्हणजे जवळजवळ टीव्हीचीच किंमत. घरीच एक परीक्षा करा. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा, मोबाईलची टॉर्च स्क्रीनला अगदी जवळून तिरकी धरा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल चांगलं आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. पॅनेलच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, त्यात दिवे एकामागे एक माळेत जोडलेले असतात, एक गेला की अख्खी माळ बंद. पट्टी बदलता येते, पॅनेलच्या किमतीच्या मानाने फार थोड्यात. फक्त पॅनेल उचलताना हात स्थिर लागतो, काच कागदासारखी पातळ असते. पण स्क्रीनवर उभ्या रेषा असतील किंवा अर्धी स्क्रीन पांढरी असेल, तर ते बहुतेक वेळा पॅनेलचंच दुखणं. त्यावर पैसे घालू नका, हे मी दुकानात येणाऱ्याला तोंडावर सांगतो.

आणि नवा टीव्ही लावला की सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट शंभरवरून साठ-सत्तरवर आणा. दुकानात झगमग दिसावा म्हणून तो फुल्ल ठेवलेला असतो. उष्णता कमी झाली की पट्ट्या जास्त वर्षं जातात.

मोबाईलमध्ये वेगळं संकट. पूर्वी मागचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी हातात. आता काच डिंकाने चिकटवलेली. पाणी जाऊ नये म्हणून डिंक लागतो, मान्य. पण काही कंपन्यांनी सुटे भाग सॉफ्टवेअरने एकमेकांना बांधून टाकलेत. त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनमधली अस्सल स्क्रीन काढून बसवली तरी फोन "अनोळखी भाग" असा संदेश दाखवतो. गिऱ्हाईक आमच्याकडे संशयाने बघतं. माल अस्सल, काम चोख, आणि चोर आम्ही. याचं फार वाईट वाटतं.

नाशिकरोडची_शिक्षिका

मास्तर, टॉर्चची युक्ती शाळेतल्या टीव्हीवर उद्याच करून बघते. वर्षभर झाकून ठेवलाय.

माझं दुखणं मात्र सोल्डरिंगने सुटणारं नाही. वडिलांचा फोन अगदी ठणठणीत आहे. बॅटरी दिवसभर जाते, एकही चरा नाही. पण त्याला नवीन अँड्रॉइड मिळत नाही, म्हणून बँकेचं ॲप एके दिवशी म्हणालं, "हे उपकरण समर्थित नाही." त्यांची पेन्शन त्याच खात्यात येते. माणूस ऐंशीच्या घरात, त्यांना त्या फोनवरची प्रत्येक खूण पाठ आहे. आता नवा फोन घ्यायचा, सगळं पुन्हा शिकायचं, तेही कोणीतरी फसवेल या धास्तीत. सुरक्षेसाठी अपडेट लागतं हे मी मुलांना शिकवते, मला ते पटतं. पण मग फोन विकतानाच खोक्यावर छापा ना, "याला अमुक सालापर्यंत अपडेट मिळेल." औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात तशी.

महाग फोनांचं चित्र बदललंय. गुगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने 2024 मध्ये एस 24 ला सात वर्षं अपडेट जाहीर केलं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या जमतं! मग दहा-बारा हजारांच्या फोनला का नाही? तो फोन घेणाऱ्यालाच तर तो जास्त वर्षं पुरवायचा असतो.

शाळेतल्या संगणकांचीही तीच गत. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि नवा प्रोसेसर लागतो, आमच्या यंत्रांत ते नाही. मुलांना मराठी टायपिंग शिकवायला ती यंत्रं आणखी पाच वर्षं सहज पुरली असती.

अंबड_लिंकरोड

बाई, त्या संगणकांवर लिनक्स टाका, फुकट आहे, जुन्या यंत्रावर हलकं चालतं आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीच असतो. शाळेला हवं असेल तर मी एका शनिवारी येऊन टाकून देतो. निरोप पाठवा.

नाशिकरोडची_शिक्षिका

खरंच याल? मुख्याध्यापकांशी बोलून कळवते. मनापासून आभार.

निफाडचा_बागायतदार

शहरातली मंडळी मोबाईल-टीव्हीवर बोलतायत, थोडं शिवाराकडेही या.

आमच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर आहे. पेटीत सिमकार्ड असतं, घरून फोन लावायचा, मोटर चालू. शेतीची थ्री फेज लाइट एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्री दोनला थंडीत उठून बिबट्याच्या भीतीत विहिरीवर जाणं त्या पेटीमुळे वाचलं. कादवाकाठचा ऊस आणि बिबटे ज्याला माहीत आहेत त्याला त्या पेटीची किंमत विचारा. मी तंत्रज्ञानाला नावं ठेवणार नाही.

पण त्या सिमला इंटरनेट लागत नाही, ते कोणाशी गप्पा मारत नाही, तरी दर 28 दिवसांनी रिचार्ज. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा. विसरलं की ऐन छाटणीनंतर पाणी बंद. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्यायला लावले आणि मुदतीची मर्यादा 90 वरून 365 दिवसांवर नेली, हे बरं झालं. ज्यांच्या स्टार्टरमध्ये, गाडीच्या ट्रॅकरमध्ये किंवा म्हाताऱ्या माणसाच्या साध्या फोनमध्ये सिम आहे त्यांनी तोच प्लॅन मागावा. दुकानदार आपणहून सांगत नाही, डेटावालाच पुढे करतो.

दुसरी गोष्ट. आमची पेटी टू-जीवर चालते. गावात एका कंपनीची रेंज फुल्ल आहे, पण तिचं टू-जीच नाही. ज्यांचं आहे त्यांचे टॉवर लाइट गेली की झोपतात. फोर-जीचा नुसता मोड्यूल द्या म्हटलं तर विक्रेता म्हणतो पूर्ण पेटी बदला. आतला कॉन्टॅक्टर, रिले, प्रिव्हेंटर सगळं चांगलं असताना! मखमलाबादकर भाऊ, तुमचं मशीन आणि आमची पेटी, रोग एकच.

मखमलाबादकर

अगदी एकच. मोड्यूल बदलता येईल अशी पेटी बनवणं अवघड नाही, सातपूरवाले सांगतीलच.

सातपूर_जनरल_शिफ्ट

अवघड अजिबात नाही. मोड्यूल सॉकेटवर बसवायचा आणि त्याचं सॉफ्टवेअर दोन्हीला चालेल असं ठेवायचं. औद्योगिक कंट्रोल पॅनेलमध्ये आम्ही हे कायम करतो, कारण तिथला खरेदी अधिकारी ऑर्डर देण्याआधीच सुट्या भागांची यादी मागतो. घरगुती गिऱ्हाईक मागत नाही.

ग्राहकवादी

मागायची कशी त्याबद्दल मी लिहितो. ग्राहक चळवळीत बरीच वर्षं आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार गट आहेत. कंपन्यांनी तिथे दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, वॉरंटी द्यावी अशी कल्पना. पण आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा अजून नाही, हा फरक लक्षात ठेवा. मे 2025 मध्ये एका समितीने त्याच विभागाला दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल दिला. वस्तू किती सहज उघडते, भाग किती दिवसांत मिळतात, यावर गुण द्यायचे. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून काही उपकरणांना असे दहापैकी गुण विक्रीच्या जागी दाखवणं बंधनकारक झालं. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नव्याने बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनसाठी नियम आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग आणि पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट. त्याच कंपन्या इथेही फोन विकतात. तिथे जे पुरवतात ते इथे पुरवायला काय हरकत आहे?

आता व्यवहाराचं. कंपनी दाद देत नसेल तर आधी 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. तेवढ्याने बरेच विषय मिटतात, कारण तक्रार थेट कंपनीच्या वरच्या कक्षाकडे जाते. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असो नाहीतर बंगळुरूला, तुम्ही नाशिकमध्येच दाखल करा. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

या सगळ्याला कागद लागतो. बिल, वॉरंटी कार्ड, सर्व्हिसवाल्याचं जॉबशीट. "बोर्ड गेलाय" हे तोंडी ऐकून घेऊ नका, जॉबशीटवर लिहून घ्या. वॉरंटीत आहे का नाही, कुठला भाग, किती किंमत, सगळं.

कॉलेजरोड_फ्लॅट

हे उपयोगाचं आहे. जॉबशीट मी आजवर सही करून परतच देत आले. आता फोटो काढून ठेवीन. आणि मखमलाबादकर, तुमचं म्हणणं मला पटतंय: घरपोच, लेखी, वेळेवर दुरुस्ती मिळाली तर मी नक्की दुरुस्तीच करीन. पण "मिळाली तर" मोठं आहे.

सिडको_त्रिमूर्ती

मधेच विचारतो, धागा भरकटवायचा नाही. जुन्या मोबाईलची बॅटरी फुगली आहे, मागचं झाकण उचललं गेलंय. घंटागाडीत टाकू का?

सोल्डर_मास्तर

अजिबात नाही! घंटागाडीत कचरा दाबला जातो, फुगलेली लिथियम बॅटरी दाबली किंवा टोचली गेली की पेट घेते. गाडीवरच्या माणसाच्या जिवाशी खेळ. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, लाकूड-कपड्यांपासून लांब, आणि लवकरात लवकर ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या केंद्रावर द्या. केंद्र घेत नसेल तर आमच्यासारख्या दुकानात आणून द्या, आम्ही वेगळ्या ठेवून नोंदणीकृत रिसायकलवाल्याला देतो.

देवळाली_कॅम्प

मास्तर, पॉटिंग केलेला वॉशिंग मशीनचा बोर्ड तुम्ही घेता का? आमचाही तोच प्रॉब्लेम. केंद्राने नवा बोर्ड सांगितलाय, अजून होकार दिला नाही.

सोल्डर_मास्तर

मी स्वतः टीव्हीचे घेतो. पॉटिंगवाले बोर्ड करणारे दोघे ओळखीचे आहेत, निरोपातून पत्ता देतो. त्यांच्याकडे जाण्याआधी मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो, बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि डिस्प्लेवर जो एरर कोड येतोय तो लिहून न्या. आधी विचारा, "नाही झालं तर तपासणीचे किती?" आणि हा आकडा लिहून घ्या.

शेवटी केंद्राकडूनच नवा बोर्ड बसवायचा ठरवलात तर होकार देण्याआधीच सांगा की जुना बोर्ड तुम्हाला परत हवा. कंपनी बदल्यात काही सूट देत असेल तर ती किती, ते विचारून ठरवा. नसेल तर तो बोर्ड तुमचाच आहे. तो घेऊन या. दुरुस्त झाला तर तीन महिन्यांची वॉरंटी संपल्यावर तोच तुमचा राखीव बोर्ड, आणि नाही झाला तरी त्यावरचे रिले आणि कनेक्टर दुसऱ्या कोणाचं मशीन चालू करतील.

मखमलाबादकर

मास्तर, पत्ता मलाही पाठवा. मी अजून केंद्राला हो म्हटलेलं नाही, शनिवारी बोर्ड काढून आणतो.